एकाच नंबराची लोकर

दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात फिटर असलेला हिंदुराव कदम सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून स्वेटर विणायचा. पहिल्या वर्षी गल्लीतले लोक त्याला हसले. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच तिघांनी पोरांसाठी कानटोप्या विणून मागितल्या. पलटणीत असताना इटलीत त्याच्या पायाला गोळी लागली होती. चार महिने प्लास्टरात पडून काढायचे होते, तेव्हा तिथल्या एका नर्सबाईनं त्याच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. तिची भाषा ह्याला येत नव्हती, ह्याची तिला. सुलट टाका, उलट टाका तिनं बोटं धरून शिकवला.

म्हणून छप्पन सालच्या डिसेंबरात धाकट्या बहिणीला, कुसुमला, पाचगणीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा हिंदुरावाचे पाय जमिनीला लागेनात. पत्र त्यानं तीनदा वाचलं आणि डब्याच्या पिशवीत घालून वर्कशॉपात नेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही दाखवलं. पाचगणीची थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. दिवाळीच्या आधी आणून ठेवलेली मोरपंखी लोकर घरात होती, तिचाच स्वेटर करायचा ठरला. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती निघणार होती. शनिवारपर्यंत पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली आणि लोकर संपली. कुसुमचे हात लांबसडक आहेत, हे ह्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शिफ्ट सुटल्यावर तो तसाच सायकलनं खडकीच्या बाजारात गेला. लोकर, भरतकामाचं रेशीम, मणी, टिकल्या असला सगळा माल लक्ष्मणरावांच्या दुकानात मिळायचा. गर्दी होती. बेचाळीस नंबरच्या दोन लडी घेऊन हिंदुराव अंधार पडायच्या आत घरी पोचला. रविवारी उजाडताच तो विणायला बसला.

चार बोटं बाही झाली असेल. त्याची बायको अंबुबाई चहा घेऊन बाहेर आली आणि तिथंच थबकली.

"अहो, ही बाही निराळीच दिसती की."

हिंदुरावानं दोन्ही बाह्या उन्हात धरल्या. एक मोरपंखी होती. दुसरीवर हिरवट झाक होती, पाण्यात शेवाळ असावं तशी. चहा तसाच ठेवून त्यानं सगळं पिशवीत कोंबलं आणि सायकल काढली. जुन्या लडींच्या कागदी पट्ट्या त्यानं तंबाखूच्या डबीत जपून ठेवल्या होत्या, ती डबीही घेतली.

रविवारी दुकान दुपारपर्यंतच उघडं असायचं. लक्ष्मणराव गिऱ्हाइकांना माल दाखवत होते. त्यांनी बाह्यांकडे नजर टाकली आणि बोट वरच्या पाटीकडे केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. नंबर बेचाळीस, रंग तोच, धुतल्यावर एकसारखा होईल, असं ते म्हणाले. वर हेही सुनावलं, की लोकर घ्यायला घरातल्या बाईमाणसाला पाठवावं, पुरुषांना रंगातलं काय कळतं.

"विणणारा मीच हाय," हिंदुराव म्हणाला.

मग शेजारी उभ्या असलेल्या शालनबाई पुढं सरकल्या. पक्क्या रंगाचं म्हणून त्यांनी इथून घेतलेलं लाल रेशीम पहिल्याच धुण्यात उशीच्या अभ्र्यावर पसरलं होतं. सांगायला आल्या, तर तुम्ही पाणी गरम घेतलं असेल असं ऐकून परत गेल्या होत्या. तिथंच माल बघत उभ्या असलेल्या, चिंचवडच्या शाळेत शिकवणाऱ्या सुमनताईंचंही असंच झालं होतं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी एकाच नंबरच्या लोकरीचा मफलर विणला, तो मधूनच फिका पडला. आपलेच डोळे बिघडले असं समजून त्या चष्म्याच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या.

लक्ष्मणरावांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तोच हिंदुरावानं डबी उघडून जुनी पट्टी काढली आणि नव्या पट्टीशेजारी ठेवली. इटलीतल्या त्या नर्सबाईनं शिकवलेलं त्याला आता आठवत होतं. तिनं पट्टीवरचा बारीक आकडा दाखवून बोट हलवलं होतं, हा सारखा असलाच पाहिजे म्हणून.

"ह्यो बेचाळीस रंगाचा नंबर. पन त्याच्याखाली बारीक आकडा हाय, त्यो बघा. माजी जुनी लोकर सतराची, ही तेवीसची. एका खेपेला रंगवली त्यो एक घाना. रंगाचा घाना बदलला की छटा बदलती. दोन्ही एका स्वेटरात चालायच्या न्हाईत."

लक्ष्मणरावांनी पट्ट्या उजेडात नेल्या.

"अकरा वर्षं दुकान चालवतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं, हा गिरणीवाल्यांचा त्यांचा त्यांचा आकडा असेल. लोक भांडायला आले की मीही भांडायचो."

एवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं आणि फळीवरची खोकी उतरवायला सुरुवात केली. मग काय विचारता, दोन्ही बायका पदर खोचून गल्ल्याच्या आत शिरल्या. कुणी पट्ट्या वाचतंय, कुणी ढीग लावतंय, निळ्या-हिरव्या लोकरीचा डोंगर झाला. एकेका लडीवर वाकून हिंदुराव आकडा वाचत होता. बावीस, तेवीस, तेवीस, एकोणीस. सतरा काही सापडेना. शेवटचं खोकं रिकामं झालं तेव्हा सुमनताई एकदम ताठ उभ्या राहिल्या.

"दिवाळीच्या आधी मी बेचाळीसच्या दोन लडी नेल्यात. अजून उघडल्याही नाहीत. मला भाच्याची टोपी करायची आहे, तिला कुठलीही छटा चालेल."

दिवाळीच्या आधी म्हणजे हिंदुरावानं पहिली लोकर घेतली तेच दिवस. तो तेवढ्यावरच सायकलकडे धावला. सुमनताई आगगाडीनं चिंचवडला निघाल्या, हा सायकलनं. दुखऱ्या पायानंही त्यानं असं पायडल मारलं, की गाडी फलाटाला लागली तेव्हा घामाघूम हिंदुराव स्टेशनाबाहेर उभाच होता. घरी पोचल्यावर सुमनताईंनी लडी आणून दिल्या. त्यानं हात पुसून पट्टी पाहिली. खाली बारीक सतरा होता. तेवीसच्या लडी त्यांच्या हातात देऊन तो वाकून नमस्कार करू लागला, तेव्हा सुमनताईंनी घाईनं मागं सरकून त्याला घरी जायला सांगितलं.

दुपारभर सुया चालू होत्या. अंबुबाई गुंडा करून देत होती, कुसुम ट्रंक भरता भरता दर पाच मिनिटांनी हात लांब करून माप देत होती. गल्लीतल्या बायका चौकशीला येऊन बसल्या आणि उठेचनात. दिवस मावळायला बाही जोडून झाली.

सोमवारी सकाळची गाडी लागायला अकरा वाजले, तोवर एस.टी. स्टँडावर ऊन चांगलंच तापलं होतं. कुसुमनं गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर घातला होता आणि कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. काढ गं, पाचगणी लांब आहे, असं अंबुबाईनं दोनदा सांगितलं.

"राहू दे वहिनी," ती म्हणाली आणि भावाकडे वळली. "दादा, आजाऱ्यांना विणायला शिकवलं तर चालेल का रे तिथं?"

हिंदुरावानं मान डोलावली. गाडी सुरू झाली तसा तो खिडकीला धरून लंगडत चार पावलं बरोबर धावला, आणि पट्टीवरचा बारीक आकडा बघून घे, हे तिला ओरडून सांगत राहिला.