शीमावशींचे आर्टिचोक

आमच्या शेजारच्या बाईंना सगळी गल्ली शीमावशी म्हणायची, कारण त्यांचं निम्मं बोलणं ‘शी’नेच सुरू व्हायचं. दुधावरची साय, ओलं पायपुसणं, दुसऱ्याच्या कपातला चहा, सगळंच शी. अशा बाईच्या नशिबी आर्टिचोकची बाग यावी!

आर्टिचोक म्हणजे एका दांडग्या काटेरी झाडाचा कळा. उमलायच्या आत कापायचा, उकडायचा आणि पाकळीचं मऊ बूड दातांनी ओरबाडून खायचं. झाड खरं तर उबेतलं. पण मावशींच्या यजमानांनी वर्षानुवर्षं खटपट करून आमच्या डोंगरातल्या बर्फाळ थंडीला पुरून उरणारं एक झाड निवडून काढलं. त्याचं बी पेरून तसंच झाड येत नसे. बुंध्याचे फुटवे काढूनच ते वाढवावं लागे. यजमान गेले तेव्हा अशी चारच झाडं मागे राहिली.

मावशींना त्यांची मनस्वी किळस. कळ्यांत माव्याची काळी कीड बुजबुजायची, पानांखाली बिनशंखाच्या गोगलगायी चिकटलेल्या. मावशी त्या चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकत. "शी! स्वतः सुटले, मला अडकवून गेले," म्हणत तोंड फिरवत. पण एक दिवस चुकवत नसत.

हिवाळ्याआधी झाड बुंध्याशी कापून वर कोरडा पाला घालायचा आणि टोपली पालथी घालायची. टोपलीच, कारण तिच्यातून वारा खेळतो. एका वर्षी मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि काम दिरांवर सोपवलं. दीर मायाळू. झाडांना गारठा लागेल म्हणून त्यांनी टोपल्यांवर प्लास्टिक गुंडाळून दोरीने करकचून बांधलं.

बर्फ वितळल्यावर मावशींनी प्लास्टिक काढलं मात्र, असा भपकारा आला की कुंपणाअलीकडे मी नाकाला पदर लावला. पाल्याचा काळा, बुळबुळीत लगदा झाला होता. त्यात अळ्या वळवळत होत्या.

"भावजी, हे काय केलंत?"

"वहिनी, जरा ऊब मिळावी म्हणून..."

"ऊब? लोणचं घातलंत तुमच्या भावाच्या झाडांचं!"

तीन बुंधे बोट लावताच फसकन फुटले. दीर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चौथ्यापाशी मावशींनी हातमोजे काढून फेकले. मोज्यातून मऊ-कडक कळत नाही. डोळे मिटून त्यांनी कोपरापर्यंत हात त्या घाणीत घातला. बराच वेळ चाचपल्यावर हात थांबला.

"चाकू द्या."

अंगठ्याएवढा, पांढुरका फुटवा निघाला, खाली दोन मुळं. साय पाहून उठून जाणाऱ्या मावशींनी तो थेट नाकाशी नेला आणि हुंगला.

"शी," त्या म्हणाल्या. "वरून घाण, आत मातीचा वास आहे. जिवंत आहे."

"हात धुवायला पाणी देतो, वहिनी."

"आधी कुंडी आणा. आणि हे बघा भावजी, याला काही पांघरवू नका."