जुन्या चालीची नवी कॅसेट

आधी नुसती खरखर ऐकू येते. कोरडी, धुळकट, जुन्या फितीची खरखर. मग ढोल सुरू होतात, आणि एकदा सुरू झाले की थांबायचं नाव घेत नाहीत. दोन गिटारवाले एकेका तारेवर इतक्या झपाट्यानं नखी चालवतात की सुटे आघात कानाला वेगळे लागतच नाहीत, एक अखंड, थरथरता पडदा तेवढा जाणवत राहतो. आणि त्या पडद्याआडून एक माणूस किंचाळतो. गात नाही, किंचाळतो. या प्रकाराला ब्लॅक मेटल म्हणतात, आणि खामगावातल्या एका शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवणारा, ओव्या-अभंगांचे अर्थ फळ्यावर लिहिणारा, पन्नाशीला टेकलेला मी हे संगीत आवडीनं ऐकतो. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या स्टाफरूममधले सगळे हसून मोकळे झाले आहेत.

ज्या अल्बमविषयी सांगतो आहे तो यंदाचाच. उत्तरेकडच्या कुठल्याशा हिमाच्छादित देशातल्या तीन तरुणांनी काढलेला. तिघंही माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे असतील. पण त्यांनी तो तीस वर्षांपूर्वीच्या रीतीनं काढला आहे. तोच धुरकट आवाज, तीच लांबलचक गाणी, मुखपृष्ठावर तीच काळीपांढरी निष्पर्ण झाडं आणि तोंडाला पांढरं-काळं फासलेली माणसं. आमच्या सौभाग्यवतींनी ते चित्र पाहून हे कुठले सोंगाडे असं विचारलं. या संगीताला सैतानाचं वेड आहे असं म्हणतात. सुरुवातीच्या काळात त्यातल्या काही माथेफिरूंनी चर्चची जी जाळपोळ केली तिचं समर्थन मी करणार नाही. मूर्खपणा तो मूर्खपणाच. या तिघांच्या गाण्यांत मात्र सैतान नावापुरताच आहे, बाकी सगळी थंडी आहे. ज्या गावात मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो, त्या गावच्या माणसाला थंडीवर बेतलेल्या पाऊण तासाचं अप्रूप वाटणार नाही तर काय! पण या अल्बमची खरी ओढ मला माझ्या कानांनी कळली नाही. ती कळली यूसुफमुळे, आणि यूसुफचे कान जात चालले आहेत.

यूसुफ माझा पाचवीपासूनचा दोस्त. दहावीनंतर तो वडिलांच्या मागोमाग कापसाच्या जिनिंगमध्ये लागला आणि मी कॉलेजात गेलो, पण दर रविवारी आमची बैठक त्याच्या घरी ठरलेली. मुंबईला शिकणाऱ्या माझ्या मावसभावानं एकदा एक कॅसेट आणली. ती कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, ती आणखी कुणाच्या, आणि आम्ही पुन्हा तिच्यावरून आमची उतरवून घेतली. चौथ्या की पाचव्या पिढीला गाण्याचं जे व्हायचं ते झालं होतं. निम्मी खरखर, निम्मं गाणं! आम्हा दोघांना मात्र ती खरखर गाण्याचाच भाग वाटली. बर्फाचं वादळ त्यांनी किती हुबेहूब वाजवलं आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. पुढे बऱ्याच वर्षांनी तोच अल्बम मोबाइलवर स्वच्छ ऐकला तेव्हा वादळ गायब! यूसुफ त्या दिवशी अल्बमच्या कंपनीवर चिडला होता. आमचा बर्फ काढून घेतला म्हणाला.

आणि यूसुफला ते संगीत परकं वाटलंच नाही, यात नवल काय? तुम्ही कधी हंगामात चालू जिनिंगमध्ये उभे राहिला आहात? वीस-बावीस जिन एका ओळीत धडधडत असतात, रोलरवर कापूस ओढला जातो, चाकू खालीवर नाचत सरकी झटकून टाकतो, हवेत रुई तरंगत असते आणि माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. कामगार तिथे हातांनी बोलतात, ओठ वाचतात. पहिले आठ दिवस तो नुसता गोंगाट असतो. नंतर कान त्यात वाट काढतो. कुठला जिन जड चालतो, कुठला कोरडा, हे कळू लागतं. यूसुफ तर रोलर आणि चाकू यांच्यातली फट आवाजावरून सांगायचा, म्हणून तर तिशीतच मिस्त्री झाला. गोंगाटाच्या पोटात शिरल्यावर तिथे एक सूर बसलेला असतो, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला ब्लॅक मेटल समजावून सांगावं लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, आजच्या काळात मुद्दाम जुनाट आवाज काढणं हे ढोंग नाही का? हा प्रश्न मलाही पडला होता. हमरस्त्यावर अलीकडे जे ढाबे निघाले आहेत, दाराशी बैलगाडीचं चाक, भिंतीला रंगवलेलं शेण आणि आत चायनीज, ते पाहून माझं डोकं फिरतं. हा अल्बम त्यातलाच एक असेल, या तयारीनंच मी दोन गाणी मोबाइलवर ऐकली. पण तसं नव्हतं. भजनी मंडळात एखादा नवा गडी उभा राहतो आणि पूर्वापार चालीतच म्हणतो, तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणतो का? चाल त्याची नसते, पण श्वास त्याचा असतो. या तिघांचा श्वास खरा वाटला. मग मी त्यांची कॅसेटच मागवली, कारण या पोरांनी हौसेनं कॅसेटही काढली होती, आणि ती वाजवायचं यंत्र माझ्या ओळखीत एकट्या यूसुफकडे उरलं होतं.

कॅसेट यायला दीड महिना लागला. तेवढ्यात दसरा झाला, जिनिंगमध्ये हंगामापूर्वीची दुरुस्ती निघाली, आणि एके दिवशी यूसुफची बायको नसरीन मला बाजारात भेटली. ती सांगत होती की घरात टीव्हीचा आवाज शेजारी ऐकतात, दारावरची थाप त्याला कळत नाही, फोन तर तो मुलीच्या हातात देतो. डॉक्टरचं नाव काढलं की मळ झाला असेल म्हणून उडवून लावतो. त्याची खरी भीती तिला ठाऊक होती. मिस्त्रीला ऐकू येत नाही ही गोष्ट शेठच्या कानावर गेली तर यंदाच्या हंगामाला दुसरा मिस्त्री उभा राहील. हंगाम दिवाळीला सुरू होतो, आणि दिवाळीला दोनच आठवडे होते. भाऊ, तुमचं ऐकतील, एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि ऐकतील हा शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच खाली पाहू लागली.

खरं सांगायचं तर मला आधीच समजायला हवं होतं. गेलं वर्षभर माझ्या बोलण्यावर त्याची उत्तरं दोन पायऱ्या सोडून पडत होती आणि मी ते वयावर ढकलत होतो. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू येत नाही हे मला दोन दिवसांत कळतं; चाळीस वर्षांच्या दोस्ताचं कळलं नाही. याची मला लाज वाटली, अजून वाटते.

रविवारी दुपारी कॅसेट घेऊन त्याच्याकडे गेलो. मनात डॉक्टर आणि तोंडी कॅसेट, अशी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याची माझी गत झाली होती. यूसुफनं कॅसेट उलटसुलट करून पाहिली, मुखपृष्ठावरच्या माणसांना सलाम ठोकला आणि डेकवरचा रुमाल काढला. डेक त्यानं जिवापाड जपला आहे, त्याचा पट्टा दोनदा स्वतः बदलला आहे. स्पीकरची सागवानी खोकी देऊळघाटच्या एका सुताराकडून करून घेतलेली. नसरीन चहा ठेवून आत गेली. आम्ही पूर्वीसारखे भिंतीला टेकून बसलो.

तो ऐकत होता. निदान तसं दिसत होतं. डोळे मिटलेले, मान हलते आहे, बोटं गुडघ्यावर पडताहेत. मला क्षणभर वाटलं, नसरीनचा काहीतरी गैरसमज झाला असावा. पहिली बाजू सरली, शेवटचं गाणं विरत विरत खरखरीत मिसळलं, डेकची कळ खट्कन वर आली आणि खोली शांत झाली. यूसुफची मान हलतच राहिली. आणखी आठ-दहा सेकंद तो त्या निःशब्द खोलीत गाणं ऐकत राहिला, आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्यानं डोळे उघडले, वर आलेली कळ पाहिली, माझं तोंड पाहिलं. काय घडलं ते दोघांनाही कळलं. चाळीस वर्षांत आमच्यात इतकी अवघडलेली वेळ कधी आली नव्हती.

तो उठला, कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पिशवीतून हातभर लांब पेचकस काढून घेऊन आला आणि स्पीकरच्या खोक्याशी मांडी घालून बसला. बेअरिंग तपासताना मिस्त्री लोक असंच करतात. पेचकसचं टोक मशीनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर, म्हणजे आतली धडधड हाडातून उमगते. त्यानं टोक सागवानी फळीवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लाव बे पुन्हा. पहिल्यापासून."

मी लावली. या वेळी त्याची मान हलली नाही. कपाळाला आठी घालून, ओठ घट्ट मिटून, जिन तपासावा तसा तो ऐकत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो गुणगुणायला लागला, आणि मी थक्क झालो. गिटारीचा जो वरचा सूर आहे, जो त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं, तोच तो गुणगुणत होता. तीन पायऱ्या खाली, एक थांबा, पुन्हा वर. मी त्याच्या समोर जाऊन बसलो आणि ओठ दिसतील असं विचारलं की तुला हे ऐकू येतंय का.

"खालचं येते," तो म्हणाला. "वरचं मले मालूम हाय."

ढोल आणि गिटारीचं खर्जातलं काम तेवढं त्या पेचकसातून त्याच्यापर्यंत पोचत होतं. उरलेलं तो स्वतः भरत होता, कारण त्या पोरांनी जुनी वाट सोडलेली नव्हती. खाली असं असेल तर वर काय असणार, हे तीस वर्षांच्या रविवारांनी त्याला शिकवून ठेवलं होतं. जुन्या चालीचं मोल ते आणखी काय असतं? नव्या रीतीचं, पदोपदी चकवणारं संगीत आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं असतं, तर त्याच्या हाती अर्धवट धडधडीपलीकडे काहीच लागलं नसतं. माझं तोंड त्याला दिसू नये म्हणून मी कॅसेटचा डबा वाचत बसलो.

पण चौथ्या गाण्यात तो चुकला. तिथे सूर खाली उतरणार असं वाटतं आणि तो उतरत नाही. एक स्वर वर जाऊन तिथेच लटकून राहतो. त्या तिघांनी एवढं एक वळण आपल्या पदरचं घातलं आहे. यूसुफ नेहमीच्या वाटेनं खाली गेला आणि समाधानानं पुढे निघाला. सांगावं की सांगू नये? त्याला कळणार नव्हतं, मला कळलं तरी काही बिघडत नव्हतं. पण वर्षभर मी न बोलताच तर घालवलं होतं. मी कॅसेट मागे घेतली आणि त्या जागी हाताचा पंजा वर केला. जिनिंगमध्ये तो मशीन थांबवायचा इशारा. तो थांबला. इथे वेगळं आहे, मी ओठांनी सांगितलं. त्यानं वेगळं म्हणजे कसं ते विचारलं. मी गाऊन दाखवलं, कानाशी तोंड नेऊन ओरडून दाखवलं, शेवटी बोटानं हवेत चढण काढून दाखवली. त्याला ते लागेना. जे आधी कधी ऐकलंच नाही ते आठवणार कुठून?

त्यानं ते गाणं चारदा लावायला सांगितलं. दर वेळी मी त्या वळणाशी पंजा वर करायचो, दर वेळी तो गुणगुणणं थांबवायचा, तेवढी जागा मोकळी सोडायचा आणि पलीकडून सूर पुन्हा धरायचा. आतल्या दाराशी नसरीन केव्हाची उभी होती. डॉक्टरचा विषय मी काढलाच नाही, काढायचं धैर्यही झालं नाही. चौथ्यांदा गाणं संपलं तेव्हा यूसुफनं पेचकस पिशवीत ठेवला, कानामागे उमटलेला लाल वळ चोळला आणि डेकवर पुन्हा रुमाल टाकला.

"उद्या जाऊ मंग डॉक्टरकडे," तो म्हणाला. "तेवढ्या जागेसाठी."