पिल्लांच्या हाडांसाठी घेतलेली पांढरी भुकटी

माझ्या अक्षराची आणि शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अर्धी निंदणाच्या दिवसांत बुडाली. सरळ ओळ धरली तरी ती वर चढत जाते. आज तर हात रागाने जड झाला आहे, पेन कागदात रुततं आहे. हे कोणाला दाखवायचं नाही. पण मला तोंडाने बोलता येत नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, म्हणून वहीत लिहिते.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. माझे मिस्टर अकोल्याला गवंडीकामाला असतात, शनिवारी घरी येतात. घरात सासू आणि मी. दोन वर्षांपूर्वी मी दोन पांढऱ्या डुकरिणी आणल्या. गावात मोकाट फिरतात ती काळी डुकरं नव्हेत, मोठ्या जातीच्या, गुलाबी कातडीच्या. अमरावतीला तीन दिवसांचं शिक्षण मिळालं होतं, त्यात शेड कशी बांधायची, खायला भरडा किती द्यायचा, सगळं शिकवलं होतं.

सासूला ते अजिबात पटलं नव्हतं. ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं छप्पन्न साली डुकरं सोडली. मान वर करून गावातून चालू लागले आपले लोक. अन् तू थेच परत दारात आणून बांधतं?"

मी म्हटलं, "आई, हा धंदा हाय. शहरातले मोठमोठे लोक करून राह्यले."

"मोठ्या लोकाइले कोणी नावं ठेवत नाई. आपल्याले ठेवतात."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणून मी वाद घातला नाही. सासूने शेडच्या चारही बाजूंनी बारदान शिवून लावलं, खाली जमिनीपर्यंत. रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून. मलाही ते बरंच वाटलं. हे मी खरं लिहिते, कारण पुढे मी दुसऱ्यावर रागावणार आहे.

पहिल्या डुकरिणीला नऊ पिल्लं झाली. उंदरासारखी गुलाबी, एकावर एक पडून झोपायची. अमरावतीला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की दूध सुटायच्या वेळी पिल्लांच्या भरड्यात कॅल्शियम घालायचं, नाहीतर हाडं कच्ची राहतात. कंपनीची पिशवी अमरावतीला मिळते, पण ती आणायला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं गेलं. म्हणून मी मूर्तिजापूरच्या गुराढोरांच्या ढेपेच्या दुकानात गेले. सरकी, ढेप, कोंडा तिथूनच घ्यायची मी.

दुकानदाराने विचारलं, "कायले पाह्यजे कॅल्शियम? म्हैस व्याली काय?"

मी हळूच म्हटलं, "डुकराच्या पिल्लाइले."

तो हसला. तिथे दोन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांच्याकडे बघून हसला. "घ्या! आता डुकरंबी कॅल्शियम खाऊन राह्यले. उद्या बदाम मागतीन."

ते दोघेही हसले. माझे कान तापले. मी पदर ओढून घेतला आणि उभी राहिले. तेव्हाच निघून यायला पाहिजे होतं.

मग तो आत गेला आणि पाच किलोची पांढरी भुकटी बांधून घेऊन आला. पिशवीवर कंपनीचं नाव नव्हतं, काहीच छापलेलं नव्हतं. "हे घ्या. कंपनीचंच हाय, खुल्लं हाय म्हणून स्वस्त. चाळीस रुपये किलो." मी दोनशे रुपये दिले. म्हशीसाठी मागितलं असतं तर त्याने बंद डबा दिला असता. डबा फळीवर दिसत होता. डुकरासाठी खुल्लं. हे मला तेव्हा कळलं होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

दोन महिन्यांत अशा तीन पिशव्या आणल्या.

पिल्लं वाढायच्या वयात आली तेव्हा एक पिल्लू लंगडू लागलं. मला वाटलं, आईचा पाय पडला असेल. मग दुसरं. त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते, धनुष्यासारखे, आणि गुडघे सुजलेले. तिसरं कुत्र्यासारखं ढुंगणावर बसून राहायचं. कोंड्याचं भांडं पुढे ठेवलं तर बाकीची धावायची आणि ते बसूनच मान लांब करायचं.

मी काय केलं? मला वाटलं कॅल्शियम कमी पडतं आहे. मी भुकटी वाढवली. मूठभर होती ती दोन मुठी केली.

एके दिवशी सकाळी शेडच्या उंबऱ्यावरून उतरताना एका पिल्लाचा पाय मोडला. काही लागलं नाही, कोणी मारलं नाही. नुसतं उतरलं आणि मोडला. तो आवाज मी ऐकला, वाळकी तुराटी मोडावी तसा. ते पिल्लू दोन दिवसांनी गेलं. आठवड्यात आणखी तीन गेली. मी त्यांना नाल्याकाठी पुरलं. सासू कुदळ घेऊन माझ्याबरोबर आली, खड्डे तिनेच खणले, आणि ते मला जास्त लागलं.

मग मी गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते. ते मोटारसायकलवर घरी आले. शेडजवळ थांबले आणि पहिलं काय विचारलं? "हे पडदे कशासाठी?"

सासू म्हणाली, "लोकाइले दिसू नये म्हणून."

"मावशी, लोकांना दिसत नाही तसं उन्हालाही दिसत नाही. ऊन लागल्याशिवाय हाड धरत नाही. सकाळचं कोवळं ऊन पाहिजेच पिल्लांना."

सासूने तोंड फिरवलं. मग डॉक्टरांनी भुकटी मागितली. चिमटीत घेऊन चोळली, नखावर घेतली. म्हणाले, घरात लिंबू आहे का? मी लिंबू आणलं. त्यांनी भुकटीवर चार थेंब पिळले. काही झालं नाही, भुकटी नुसती ओली झाली. मग उकिरड्यावर पडलेलं अंड्याचं कवच उचलून पत्र्यावर ठेवलं, बोटाने चुरलं आणि त्यावर पिळलं. बुडबुडे आले, फेस झाला. लोणच्यासाठी लिंबं चिरताना रस शहाबादी फरशीवर सांडला की अस्सा फेस येतो, हे मी वीस वर्षं बघते आहे. मला ठाऊक असलेलंच होतं ते, फक्त कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "यात चुना, म्हणजे कॅल्शियम, नाहीच. नुसता दगड आहे. तुम्ही पिल्लांना दगड खाऊ घातला, ताई."

ते तसं टाकून बोलले नाहीत, हळूच बोलले. पण मी आत जाऊन पाण्याच्या माठापाशी बसले. मला त्या दुकानदाराचं हसणं दिसत होतं. त्याने चुकून दिलं नव्हतं. डुकरं म्हणजे काहीही खातात, डुकरवाली बाई म्हणजे काहीही घेऊन जाते, परत विचारायला येत नाही. त्याचा हिशोब बरोबर होता. मी खरंच तीनदा घेऊन आले होते.

सासूने त्याच दिवशी विळ्याने बारदान कापून काढलं. कापताना पुटपुटत होती, "पाहा म्हणा आता सगळे. डोळे भरून पाहा." शेजारणीने विचारलं, काय वो, आज पडदा काढला? सासू म्हणाली, "हाव. डुकराइले हवा पाह्यजे, तुमाले नाई काय लागत?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की महागाची पिशवी जमेल तेव्हा आणा, तोपर्यंत अंड्याची कवचं चालतील. पण नुसत्या चुन्याने हाड होत नाही, त्याबरोबर फॉस्फरस लागतं, ते मासोळीच्या काट्यांत मिळतं. मासोळी खारवलेली नको, मीठ जास्त झालं तर डुक्कर मरतं. ताजीच पाहिजे, उकळून वाळवायची.

मग मी मूर्तिजापूरच्या स्टेशनबाहेरच्या आमलेटच्या गाड्यांवर जाऊ लागले. सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी कमी असताना. पहिल्या दिवशी गाडीवाल्याला म्हणायलाच मला पाच मिनिटं लागली.

"भाऊ, थे टरफलं फेकू नका."

"कायले? तोंडाले लावता काय? माही बायको लावते."

"नाई. डुकराइले."

तोही हसला. पण तो वेगळा हसला. म्हणाला, "मंग माह्या टरफलाइनं डुक्कर धष्टपुष्ट झालं त पहिलं मटण मले." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडीखाली माझ्यासाठी एक डालडाचा डबा ठेवला. हसण्याहसण्यात फरक असतो, आणि तो डुकरासारख्या मुक्या जनावरालाही कळत असेल.

कवचं आणून धुवायची, उकळायची, टिनावर वाळवायची, तव्यावर भाजायची, मग खलबत्त्यात कुटून जुन्या साडीच्या फडक्यातून चाळायची. घरभर जळक्या पिसांसारखा वास सुटायचा. बाजारच्या दिवशी मासोळ्यावालीकडून मुंडकी आणि काटे आणायचे. सासू नाक दाबून खलबत्ता धरायची आणि म्हणायची, "माह्या लग्नात हळदबी इतकी कुटली नाई." दहा किलो भरड्याला एक मूठ कवचाची पूड, मुठीपेक्षा थोडी कमी मासोळीची. आणि रोज सकाळी पिल्लं उन्हात.

उरलेली पाच पिल्लं तीन आठवड्यांत धावू लागली. कुत्र्यासारखं बसायचं त्याचे पाय सरळ झाले नाहीत, पण ते उभं राहिलं. ज्या दिवशी उभं राहिलं त्या दिवशी मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. गेलेल्या चौघांनाही असंच उभं राहता आलं असतं.

मी दुकानात गेले. आतापर्यंत त्या माणसाशी मी दहा शब्द बोलले नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, थे कॅल्शियम खोटं होतं. पैसे परत द्या." किती हळू म्हटलं असेल कोणास ठाऊक, त्याने कानाला हात लावून "काय?" विचारलं. मी परत म्हटलं.

"कोण म्हणते खोटं?"

"डॉक्टर."

"डॉक्टर काय सांगतीन. शेडीत ऊन नव्हतं म्हणून मेले असतीन तुमचे डुकरं." गावात गोष्ट फिरली होती, ती त्याच्यापर्यंतही पोचली होती. तिथे माझी जीभ अडली. कारण ऊन नव्हतं हे खरं होतं. त्याने ते ओळखलं. गल्ल्यातून दोनशेची नोट काढून काउंटरवर सरकवली. "घ्या. गरीब बाई हाय म्हणून देतो. बाकी चारशेचा कोंडा घेऊन जा."

मी नोट घेतली, कोंडा घेतला नाही. घरी येईपर्यंत मला सुचलं की काय बोलायला पाहिजे होतं. माझं असंच होतं. शब्द मला गाव आल्यावर सापडतात.

दिवाळीच्या आधी मी ढेप आणायला तिथे गेले. आजूबाजूला दुसरं दुकान नाही, जावंच लागतं. दुकानाबाहेर रांगोळीचे रंग मांडले होते, लाल, पिवळा, जांभळा, आणि मध्ये पांढऱ्या रांगोळीचं उघडं पोतं. बायका घेत होत्या. मी त्या पोत्यात बोट घातलं. चिमटीत चोळलं. ती खरखर माझ्या बोटांना पाठ होती. दोन महिने रोज मी तीच भुकटी मुठीत धरली होती.

मी विचारलं, "हे कसं किलो, भाऊ?"

त्याने वर न बघता सांगितलं, "दहा रुपये."

"मले चाळीसनं कावून देलं?"

आता त्याने वर बघितलं. बायका थांबल्या. माझा आवाज बारीकच होता, पण सगळ्या गप्प झाल्या होत्या म्हणून तो ऐकू गेला. मी म्हटलं, "उनाची चूक माही होती. थे मी मान्य करतो. पण हे तुमी देलं. दारात टाकायची रांगोळी तुमी माह्या पिल्लाइले कॅल्शियम म्हणून देली. चार मेले."

"बाई, थे वेगळं होतं, हे वेगळं—"

एक म्हातारी बाई, रांगोळीची पुडी हातात घेऊन उभी होती. मी तिला ओळखत नाही. ती म्हणाली, "वेगळं असन त मंग चमचाभर खाऊन दाखवा न भाऊ. कॅल्शियमच हाय, तुमचेबी गुडघे दुखत असतीन."

बायका हसल्या. त्याचं तोंड लाल झालं. त्याने गल्ला उघडला आणि तीनशे काढले. म्हणाला, "दोनशे आधी नेले. हे धरा आन् विषय संपवा."

"चारशे राह्यले," मी म्हटलं.

"अवो, शंभर रुपयासाठी—"

"चारशे."

मेलेल्या पिल्लांचं मी मागितलं नाही. बारदान आमचंच होतं, त्याचा वाटा मी कोणाकडून मागणार? पण भुकटीचे पैसे त्याचे नव्हते. मी काउंटरपाशी उभी राहिले. मागे बायकांना माल पाहिजे होता आणि कोणी मला बाजूला हो म्हणालं नाही. त्याने पुन्हा गल्ला उघडला, शंभरची आणखी एक नोट काढली आणि आधीच्या तीन नोटांवर ठेवली. मी त्या चारही नोटा त्याच्यासमोर मोजल्या. सहाशे पूर्ण झाले.