बुधाजीने उचललेली गाडी

पोशीरच्या बुधाजीने भाताच्या पोत्यांनी भरलेली गाडी एकट्याने उचलली, ही गोष्ट कशेळ्याच्या बाजारात कुणालाही विचारा. आधी आठ पोती होती, आता वीस झालीत. आणखी दहा वर्षांनी बैलही गाडीतच बसतील.

ही एकसष्टची गोष्ट. नदीच्या उतारात चाक रुतलं. बुधाजीने बाहेरून चाकाला खांदा लावला आणि मी, पदू, गाडीखाली शिरून आसाला पाठ दिली. गाडी निघाली. काठावरच्या लोकांना बुधाजी तेवढा दिसला. मी चिखलाने माखून बाहेर आलो, तोवर ते त्याला उचलून घेऊन निघालेही होते.

होळीचा खांब जंगलातून आणताना जाड बुंधा गावातल्या सगळ्यात ताकदवान माणसाने धरायचा, अशी आमची रीत. तेव्हापासून बुंधा बुधाजीकडे आणि मी शेंड्याला. दर वर्षी त्याची ती रुंद पाठ बघत चाललो आणि जळत राहिलो. पारावर, बाजारात, लग्नात सांगत सुटलो, 'गाडीखाली मी होतो!' लोक हसायचे. घरी जिजा, माझीच बायको, पोरांना जेवताना सांगायची, "खावा रं, बुधाजीकाकासारखं व्हाल." मी ताटावरून उठायचो.

ब्याऐंशीत बुधाजीने अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. खोटं कशाला बोलू, त्याला आडवा पडलेला बघायलाच गेलो.

"बस रं पदू," तो म्हणाला. "त्या दिशी माज्या कंबरेत उसण भरली. खांदा नुसता टेकवला व्हता. गाडी तूच उचललीस, एकट्यानं."

"मंग बोलला का नायस?"

"दोनदा बोललो. लोक म्हनले, बुधाजीला गर्व नाय. मंग मलाच ग्वाड वाटाया लागलं."

एकवीस वर्षं मी अर्धा वाटा मागत होतो आणि सगळंच माझं होतं! त्या मरणाऱ्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

चार दिवसांनी तो गेला. बाराव्याच्या जेवणाला पुन्हा गाडीची गोष्ट निघाली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"पदू," म्हातारा नागू हळूच म्हणाला, "मेल्या मानसाचा तरी हेवा करू नको रं."

समोर बायकांच्या पंगतीत जिजा बसली होती. तिने शरमेने मान खाली घातली.