उजव्या हाताचा घास

आमचा विभाग आता नव्या इमारतीत गेला आहे. तिथं एसी आहे, काचेची दारं आहेत, सगळं चकाचक आहे. तरी मला अजून जुना तळमजल्यावरचा हॉलच आठवतो. तिथं सांधे शेकायला ठेवलेल्या वितळलेल्या मेणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास यायचा. अकराच्या सुमाराला खिडकीपाशी चहावाला यायचा आणि काहीही न बोलता गजांवर किटली वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते, तेव्हाचे ते दिवस. आता इंटर्नशिप संपत आली आहे, म्हणून की काय, ते जास्तच आठवतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दिलसुखनगरला एका शिलाईच्या दुकानात मशीनवर बसतात. आई माझा पांढरा कोट रोज इस्त्री करून द्यायची आणि तो घातला की मला वाटायचं, आता चुकायचं नाही. मला वर्गात इंग्रजी नीट बोलता यायचं नाही, त्यामुळे पुस्तकातलं मी पाठच करून टाकायचे. घरी मात्र आम्ही मराठी बोलतो, आमच्या हैदराबादी पद्धतीची, ज्यात तेलुगू आणि दखनी कुठून येतात ते आमचं आम्हाला कळत नाही. म्हणून हॉलमध्ये मराठी पेशंट आला की आमच्या मॅडम मला पुढं करायच्या. मॅडम तेलुगू होत्या आणि मराठी त्यांना फक्त ऐकून थोडं समजायचं.

काका असेच माझ्याकडं आले. ते बेगम बाजारात एका मसाल्याच्या ठोक दुकानात तीस वर्षं कामाला होते. मालाच्या गाडीवरून पडले आणि वरून पोती अंगावर आली. मांडीचं हाड मोडलं आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं. मांडी जुळत आली होती. हाताचं ऑपरेशन होऊन आत धातूच्या पट्ट्या बसवल्या होत्या, पण नसेला मार बसला होता. बोटं जेमतेम हलायची, मूठ वळायची नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पुढचे दोन-तीन महिने हात वापरात आणला तर वापरापुरता येईल. तसाच ठेवला तर बोटं आखडतील, आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे आणि त्या मला बेटी. त्या सावलीसारख्या काकांच्या बाजूला असायच्या. त्यांचं पाणी, औषध, शर्टाची बटणं, सगळं त्याच करायच्या. काका विनोदी होते. आम्ही बोटांच्या चिमटीसाठी प्लॅस्टिकचे मणी उचलायला द्यायचो, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, धने दे. मण्यांना वास नाही." मी घरून धने आणले. ते एकेक दाणा मोठ्या कष्टानं उचलून नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, हे जुने आहेत, तुझ्या आईला फसवलं कुणीतरी. दाणा दहादा पडायचा. तरी त्या आठवड्यात त्यांचा अंगठा थोडा पुढं सरकला होता. मी ते वहीत लिहून मॅडमना दाखवलं होतं.

एकच गोष्ट मला समजत नव्हती. वॉर्डातल्या त्यांच्या तक्त्यावर रोज लिहिलेलं असायचं, भूक नाही. वजन उतरत होतं.

पुस्तकात एक प्रकरण होतं, एका हातानं करायच्या कामांवर. त्यात एका माणसाचा डाव्या हातात चमचा धरलेला फोटो होता. मी तो चांगला अभ्यासला होता. एका दुपारी सरावाच्या टेबलापाशी काकांना बसवलं, समोर उपम्याची बशी ठेवली आणि त्यांच्या डाव्या हातात चमचा दिला. आजूबाजूला आणखी चार-पाच पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते. मी मोठ्यानं, मॅडमना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, खाऊन दाखवा."

त्यांनी चमच्याकडं पाहिलं. मग तो बशीत ठेवला, आवाज न करता, आणि काकूंना म्हणाले, चल. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी दवाखान्यातून सुटी मागून घेतली आणि घरी गेले.

मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्यात डाव्या हातानं जेवतात का?"

आमच्यातही जेवत नाहीत. लहानपणी मी डाव्या हातात पोळी धरली की आजी हातावर चापट मारायची. डावा हात कशासाठी असतो ते आमच्याकडं दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. आणि मी चारचौघांत, त्याच हातानं, वडलांच्या वयाच्या माणसाला जेवायला सांगितलं होतं. फोटो पाहताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भूक नाही म्हणजे काय तेही आता कळलं. वॉर्डात काकू घास भरवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर पडायची, आणि काका पाच-सहा घास घेऊन बस म्हणायचे.

मी घरी येऊन रडले. बाबांना सगळं सांगितलं. ते घरच्या मशीनमध्ये दोरा ओवत ऐकत होते. मॅडमनी मला एक पट्टा वहीत काढून दिला होता, तळहाताभोवती बसणारा, आतल्या बाजूला खिसा. त्या खिशात चमचा अडकवला की मूठ न वळताही जेवता येतं, आणि तेही उजव्या हातानं. हे मी आधी का विचारलं नाही, असं मॅडमनी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारत होते. बाबांनी चित्र पाहिलं, माझ्या तळहाताचं माप घेतलं, मग म्हणाले, पुरुषाचा हात आहे, अर्धा इंच वाढवू. जुन्या जीनच्या कापडाचा पट्टा त्यांनी तासाभरात शिवला. खिशाला दुहेरी टीप मारली.

मी काकांकडं जायला निघाले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. "नवीन पोरगं मशीनवर पहिल्यांदा बसतं ना, तेव्हा आम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहत नाही. चहाला जातो. तूही तसंच कर."

मॅडमच्या परवानगीनं रविवारी मी गौलीगुड्याला गेले. बसमध्ये पट्टा सारखा पर्समध्ये चाचपून पाहत होते. काकांचं घर एका भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि पुढं लांब गॅलरी. काका भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी आल्याचं काकूंनी सांगितलं तरी वळले नाहीत.

मी माफी मागितली. घरून ठरवून आणलेली वाक्यं सगळी विसरले आणि एवढंच म्हणाले की माझं चुकलं, मला कळायला पाहिजे होतं.

ते भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलले. "तू लेकरू आहेस. तुझं काय चुकलं? मी समाजाच्या पंगतीत वाढणारा माणूस, बेटा. वीस वर्षं वाढलं. आता त्या हातानं घास घ्यायचा?"

"उजव्यानं घ्या ना."

"उजवा मेला."

"मेला असता तर दुखला नसता, काका."

त्यावर ते वळले. मी पट्टा काढला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, शिलाई बोटानं तपासली, जशी ते मालाच्या पोत्यांची तपासायचे, आणि विचारलं, कुणी शिवलं. माझ्या वडलांनी, मी सांगितलं. मग त्यांनी हात पुढं केला.

मी पट्टा बांधला, चमचा अडकवला. काकूंनी ताटात खट्टी दाळ आणि भात मऊ कालवून आणला आणि सवयीनं शेजारी बसल्या. पहिला घास उचलायला त्यांचाच हात पुढं गेला. मी त्यांचं मनगट धरलं. मोठ्या बाईचं मनगट असं धरायला मला फार जड गेलं. म्हटलं, काकू, आपण बाहेर बसू. दार लोटून घेऊ.

"अन् सांडलं तर?"

"सांडू द्या."

आम्ही गॅलरीत बसलो. खाली दुकानदार पितळेच्या कळशा रचत होता. आतून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. काकू उठल्या, मी पुन्हा त्यांचा हात धरला. पुन्हा आवाज. काहीतरी जमिनीवर पडलं. काकांनी कुणाला तरी दखनीत एक शिवी दिली, बहुतेक चमच्याला. काकू पदरात हसल्या आणि मग तशाच रडायला लागल्या. इतके दिवस मी काकांचा अंगठा वहीत लिहीत होते, काकूंचं काहीच लिहिलं नव्हतं. त्या सांगू लागल्या की हे पडल्यापासून प्रत्येक घास मी दिला, बेटी, आता हे हात रिकामे कुठं ठेवू. मग म्हणाल्या की खरं सांगू का, मी दमले.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. आतून हाक आली, "भात आहे का अजून?"

काकू उठल्या, दारापाशी थांबल्या आणि मला विचारलं, "जाऊ का आता?"

लोटलेल्या दारातून मला आतलं थोडं दिसलं. निम्मा भात जमिनीवर होता आणि काकांचा बनियन पिवळा झाला होता. ते चिडून म्हणत होते की पंगतीत एवढं सांडलं असतं तर लोकांनी हाकललं असतं. काकू म्हणाल्या, इथं लोक कुठं आहेत, मीच आहे.

सोमवारी ते हॉलमध्ये आले. पुढं चार महिने येत राहिले. मूठ पुरती कधीच वळली नाही. ठोक दुकानात पोती उघडून माल दाखवायचं काम आता दुसरा माणूस करतो. काका गिऱ्हाईकांशी बोलायला बसतात. पंगतीत वाढत नाहीत, पण जेवायला बसतात, पट्ट्याशिवाय, उजव्या हातानं. सावकाश. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं.

त्या रविवारी काकांचं जेवण झाल्यावर काकूंनी मला सोडलं नाही. दोन ताटं वाढून गॅलरीतच घेऊन आल्या. भात अजून वाफाळत होता. पहिला घास त्यांनी घाईनं घेतला, जीभ भाजली, फुंकर घातली आणि म्हणाल्या की किती महिन्यांनी गरम जेवतेय. मग पाठ दाराकडं करून, आतल्या आवाजाकडं लक्ष न देता, त्या जेवल्या.