कापून ठेवलेलं मरण

"आपल्या टॉकीजमदी कुणी मरत न्हाई," असं आमचे ऑपरेटर छातीवर हात ठेवून सांगायचे. छातीवर म्हणजे खिशावर. त्या खिशात फिल्मचा एक तुकडा असायचा, चार चौकटींचा.

सेलूच्या टॉकीजात मी तिकिटाच्या खिडकीत बसायचो आणि ते वर मशीनवर. सव्वीस जानेवारी आली की एक जुना, काळा-पांढरा युद्धाचा सिनेमा लागायचा. त्यात वायरलेस सांभाळणारा एक जवान चौकीत एकटा उरतो आणि शेवटी गोळी लागून मरतो. आमच्या गावात मात्र तो मरायचा नाही. ऑपरेटर पहिल्या खेळाआधीच तेवढी फिल्म कापून बाजूला ठेवायचे आणि सिनेमाची पेटी परत पाठवताना पुन्हा चिकटवून द्यायचे. एकदा जोडताना त्या मरणातल्या चार चौकटी वाया गेल्या, त्या त्यांच्याकडेच राहिल्या. बायका लय रडतात, एवढंच कारण ते सांगायचे. मलाही गंमत वाटायची. मालकाला मी कधी कळू दिलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा मशीनच्या खोलीत स्टुलावर बसून तो सिनेमा बघायचा. जवान चौकीत बसलेला दिसायचा आणि लगेच झेंडा. त्याचं पुढं काय झालं, असं पोरानं विचारलं की हे म्हणायचे, "घरी गेला."

तुम्ही म्हणाल, सिनेमा बघून कुणी फौजेत जातं का? मीही तेच म्हणत आलो. पण हे पोर गेलं. चौथ्या वर्षी पेटीतून परत आलं. घरात पेटी उघडली तेव्हा ऑपरेटर अंगणात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकट्या आत जाऊन पोराला बघून आल्या. त्यानंतर मरणाची थट्टा ऑपरेटरच्या तोंडून मी ऐकली नाही. टॉकीजही पुढे बंद पडलं.

मागच्या वर्षी त्यांनी भाच्याला सांगून मोबाईलवरून एक जवान मागवला. चार बोटं उंच, बिनरंगाचा, गुडघा टेकून बसलेला. काडीपेटीच्या काड्यांचा वायरलेस त्यांनी स्वतः केला. जवानाला बाटलीच्या झाकणावर चिकटवून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून रोज सकाळी ओसरीत बसायचे. आधी सगळा काळा केला, मग एकावर एक पातळ हात देत उजळत नेला. बुटांना शेतातली काळी माती चाळून लावली. वाळल्यावर तिला भेगा पडल्या, तर खरवडून पुन्हा डिंकात कालवून लावली. मधूनच फिल्मचा तुकडा उजेडाला धरून बघायचे. उतारवयात बाहुल्या खेळता का, म्हणून मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत.

दिवाळीपर्यंत सगळा जवान झाला. राहिली फक्त जखम. फिल्ममध्ये ती डाव्या खिशाखाली होती. लाल रंगात ब्रश बुडवायचे, जवानापर्यंत न्यायचे आणि परत पाण्यात धुऊन टाकायचे. महिनाभर हेच चाललं. एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, राहू द्या की तसाच, कोण विचारायला येणार आहे?

"भाऊ, लेकराला मीच म्हणलो, घरी गेला म्हणून," ते म्हणाले. "मरण मीच कापून ठेवलं. आता तरी खरं दाखवू द्या की मला."

कापलेलं मलाही ठाऊक होतं. दर वेळी त्या पोराला मीच बिनतिकिटाचं वर सोडत होतो. एकदा तरी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. त्याबद्दल माझाच मला अजून राग येतो.

जखम राहिली ती राहिलीच. संक्रांतीच्या आधी छातीत कळ येऊन ते गेले.

चौदावा झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. ओसरीत जवान, रंग, ब्रश, सगळं मांडून ठेवलेलं होतं. म्हणाल्या, तेवढंच राहिलंय त्यांचं, तुमी करा. मी ब्रश लाल रंगात बुडवला, जवानापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. वहिनींनी तो उचलला, जवानाला डोळ्यांजवळ नेलं आणि जखम कुठं ते विचारलं. मी डाव्या खिशाखाली बोट दाखवलं.

त्यांनी मान हलवली.

"न्हाई. हितं लागली होती," म्हणाल्या, आणि जवानाच्या गळ्यावर लाल रंग टेकवला.