एक वाक्य आधी

शालिकराम भोयर यांनी एकतीस वर्षं लोकांच्या तोंडी वाक्यं दिली. राजाला दिली, खलनायकाला दिली, मरणाऱ्या आईला दिली, आणि एकदा तर नटाच्या अंगावर पाल पडली तेव्हा त्या पालीला हाकलायचं वाक्यही त्यांनीच दिलं. ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळी झाली की कळमेश्वरजवळच्या गावातून, शेतीची कामं भावावर टाकून, नाटक कंपन्यांच्या वडश्याकडे निघायचे आणि होळीपर्यंत विंगेच्या कापडामागे एका डब्यावर बसून काढायचे.

झाडीपट्टीत आज हे नाटक, उद्या ते, परवा तिसरंच. नटाने पाठ करावं कधी? तेव्हा नट वेशभूषा करतो, देवाला नमस्कार करतो आणि कान विंगेकडे लावून बिनधास्त रंगमंचावर जातो. पुढचं प्रॉम्प्टरचं काम. त्या कामाचे शालिकरामचे तीन नियम होते. वाक्य एकदा द्यायचं, हळू. नटाने उचललं नाही तर पुन्हा द्यायचं, जरा मोठ्याने. तरीही नाही उचललं तर तिसऱ्यांदा, नटाचं नाव घेऊन. आणि हे सगळं सपाट आवाजात, दुकानदार सामानाची यादी वाचतो तसं. भावना घालायच्या नाहीत. भावनांचं मानधन नट घेतो.

आता ते निवृत्त होऊन नागपुरात मनीषनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. काम सुटलं, पण खोड कुठून सुटायची? समोरच्या माणसाने श्वास घ्यायला थांबावं, की शालिकरामनी त्याचं वाक्य पुरं केलंच. मेहुण्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाने विचारलं, तुम्हाला कशाची आवड? पोरगी लाजून क्षणभर थांबली, तर मागच्या सोफ्यावरून आवाज आला, "म्हण, वाचन आणि स्वयंपाक." लग्न जमलं. नवरा बिचारा अजून दोन्हींची वाट पाहतो आहे. शेजारी सत्यनारायणाला भटजींना शिंक आली, तेवढ्यात शालिकरामच्या तोंडून साधुवाण्याची नाव पुढे निघून गेली होती. खुद्द शालिकरामची बायको शामला हिने तर लग्न झाल्यापासून एकही वाक्य शेवटपर्यंत नेलं नव्हतं. ती नुसती सुरुवात करायची आणि वळून कामाला लागायची.

अशा या माणसाची एकच हौस राहून गेली होती. पोस्टरवर नाव. झाडीपट्टीच्या पोस्टरवर नटांची नावं असतात, नर्तकीचं असतं, मंडपवाल्याचं असतं, जनरेटरवाल्याचं तर फोटोसकट असतं. प्रॉम्प्टरचं नसतं. एका वर्षी त्यांनी धीर करून विषय काढला होता, तेव्हा नाटक कंपनीचा मुख्य नट जितेंद्र ठवकर मिशीला पीळ देत म्हणाला होता, "शालिकभाऊ, हॉटेल कितीही चांगलं असलं तरी पाटीवर झुरळाचं नाव लिहितेत का गा?" म्हणजे असं, की प्रॉम्प्टरचं नाव छापलं तर नटांचं पाठ नसतं हे पब्लिकला कळेल. सगळे हसले. शालिकरामही हसले. पण त्यानंतर ते वाक्य त्यांना कधी कोणी द्यावं लागलं नाही. ते आपोआप आठवायचं.

तर अशा या घरी एके दिवशी जितेंद्र स्वतः आला, आणि सोबत मिनल नावाची मुलगी. तिचा धरमपेठेत कार्टूनचा स्टुडिओ होता. हल्ली नागपुरात असे स्टुडिओ पुष्कळ निघालेत. आधी ते परदेशातल्या सशांना आणि अस्वलांना रंग भरून द्यायचे; आता मुंबईच्या कंपन्या म्हणू लागल्या होत्या की आम्हाला तुमच्या मातीतली गोष्ट द्या. मिनलने माती शोधली. तळ्याकाठी चिंचेखाली बसणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला गिळणारा एक राकेस, म्हणजे राक्षस, तिने काढला होता. त्याला आवाज द्यायला जितेंद्रला बोलावलं. जितेंद्रला काचेच्या खोलीत उभं केलं, समोर लिहिलेलं ठेवलं, आणि गडी आडवा झाला. वाचून बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. कानात वाक्य आल्याशिवाय तोंड उघडेना. शेवटी त्याने सांगून टाकलं, की माझा प्रॉम्प्टर आणा.

शालिकरामनी शर्ट बदलायच्या आधी विचारलं, "नाव लिहान का?"

मिनल म्हणाली, मालिका मुंबईच्या कंपनीने घेतली तर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव येईल. जितेंद्रने खोकून छताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला की प्रॉम्प्टर सोडून जे लिहायचं ते लिहा, मॅडम. हिशोबनीस लिहा. सल्लागार लिहा. शालिकराम म्हणाले, लिहायचं तर प्रॉम्प्टरच. हा वाद तसाच राहिला आणि तिघे रिक्षात बसले.

पहिल्या दिवशी शालिकराम सवयीने काचेच्या खोलीतल्या टेबलाखाली जाऊन बसले. माइक कसला चांगला होता म्हणता! राकेसाचं प्रत्येक वाक्य दोनदा यायला लागलं, आधी पाटबंधारे खात्याच्या सूचनेसारखं, मग गडगडाटासारखं. मग त्यांना बाहेर बसवलं आणि जितेंद्रच्या कानात हेडफोन दिला. गाडी धावली. आठ दिवसांत पहिला भाग तयार झाला, आणि मिनलच्या एक गोष्ट लक्षात आली. तिने लिहिलेलं वाक्य होतं, 'थांब दुष्टा, तू माझ्या तावडीतून कुठे पळतोस?' रेकॉर्ड झालं होतं, 'कुठं चालला पाहुण्या, जेवून तं जा.' पानंच्या पानं अशी. तिने विचारलं, तर शालिकराम म्हणाले, "तुमचा राकेस पुण्यात शिकल्यासारखा बोलून राहिला होता, बाई. आमच्याकडचा राकेस आधी जेवाले बसवते. मंग खाते."

मिनलने ते तसंच ठेवलं.

मग मुंबईहून कंपनीची श्वेता म्हणून बाई यायची होती, भाग पाहून हो की नाही सांगायला. मिनलने शालिकरामना हात जोडून सांगितलं, काका, त्या दिवशी तुम्ही या, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. शालिकरामनी वचन दिलं. शामलाला त्यांच्या वचनाचा अनुभव होता. तिने निघताना सुपारीचं अख्खं खांड त्यांच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "हे चावत राहा जी, नाही तं नाव लागाचं..."

"...राहून जाईन," सुपारीतून शालिकराम म्हणाले, आणि निघाले.

दुपारी तीनची वेळ. पडदे ओढलेले, खोलीत अंधार. पुढे श्वेता, जिच्या चेहऱ्यावर विमानातून उतरल्यापासून काही हललं नव्हतं. शेजारी मिनल. मागे जितेंद्र, जो अंधार झाल्याबरोबर पेंगायला लागला. आणि कोपऱ्यात शालिकराम, सुपारीसह. भिंतीवर चिंच दिसली, तळं दिसलं, एक वाटसरू घाबरत आला. राकेस उठला, पोटावर हात ठेवून त्याने जबडा उघडला, आणि स्पीकर बंद पडला.

चित्र चालूच. राकेसाचा जबडा उघडा, आवाज नाही. मिनल वायरी उपसायला लागली.

आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं अंधारात बसलेल्या माणसासमोर एक पात्र तोंड उघडून गप्प उभं आहे. समोर पब्लिक आहे. तो काय करील? शालिकरामच्या डोक्यातून वचन गेलं, मुंबई गेली, नावही गेलं. सुपारी गालात सरकली.

"कुठं चालला पाहुण्या, जेवून तं जा." हळू, सपाट.

राकेसाने उचललं नाही. चित्रच ते, काय उचलणार? शालिकरामनी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. श्वेताने मान वळवली. मिनलने डोळे मिटले. आणि मग तिसरा नियम.

"जितू, घे ना गा वाक्य. पब्लिक पाहून राहिली."

मागच्या खुर्चीतला जितेंद्र झोपेतून ताडकन उभा राहिला आणि स्वतः कुठे आहे हे पाहायच्या आधी गरजला, "कुठं चालला पाहुण्या! जेवून तं जा!" पडद्याच्या कड्या वाजल्या. श्वेताचा पेन खाली पडला.

पुढे वाटसरूचं वाक्य होतं. शालिकरामनी तेही दिलं. उचलायला कोणी नव्हतं, म्हणून वायर हातात धरून मिनलनेच उचललं, "मी आत्ताच जेवून आलो जी." मग काय, गाडी सुटली. "आता हास, तीनदा." जितेंद्र तीनदा हसला. "पोट धर." जितेंद्रने पोट धरलं, आणि भिंतीवरच्या राकेसाने त्याचं पाहून धरल्यासारखं क्षणभराने धरलं. "घाई करू नको, पाणी पी." जितेंद्रने खरंच श्वेताच्या पुढ्यातलं पाणी पिऊन टाकलं. एवढ्यात स्पीकर चालू झाला, तर श्वेतानेच डोळे पुसत हात वर केला, बंद करा म्हणून. तिला हसू आवरत नव्हतं.

दिवे लागले. शालिकरामना वचन आठवलं. त्यांनी सुपारी परत दाताखाली घेतली, पण आता उपयोग काय?

श्वेताने विचारलं की ही वाक्यं कोणाची. मिनल खरी पोरगी. तिने सांगितलं, माझी नाहीत, मी लिहिली ती यांनी बदलली. श्वेताने मग जितेंद्रकडे पाहिलं आणि विचारलं, हे कोपऱ्यातले कोण?

जितेंद्र ठवकर, अर्ध्या विदर्भाचा गाजलेला राजा, उभा होता तसाच राहिला. सवयीने त्याने मान वळवून शालिकरामकडे पाहिलं, वाक्यासाठी. शालिकराम सुपारी चावत राहिले. आपल्याबद्दलचं वाक्य माणसाने आपणच कसं द्यावं? जितेंद्र वाट पाहत राहिला. दुसऱ्यांदा पाहिलं. कान पुढे केला. काही आलं नाही. शेवटी त्याला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं वाक्य स्वतःच तयार करावं लागलं.

"हे आमच्या हॉटेलचं झुरळ होय, मॅडम," तो म्हणाला. "नाव शालिकराम भोयर. प्रॉम्प्टर. पाटीवर लिहा. सगळ्यात आधी लिहा. याचं वाक्य आमच्या आधीच येत राहते."

श्वेताने मालिका घेतली, पण एका अटीवर. दुसऱ्या भागापासून राकेसाच्या कानात एक झुरळ राहायला आलं. राकेस विसरला की ते सपाट आवाजात वाक्य देतं, आणि राकेस चिडला की म्हणतं, घाई करू नको, पाणी पी. आवाज कोणाचा, ते सांगायला नको.

पहिला भाग घरच्या टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी शालिकराम इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शामला शेजारी, चष्मा पुसून तयार. काळ्या पडद्यावर सगळ्यात आधी एकच ओळ आली. शामलाला वाचन कमी, ती एकेक अक्षर बोटाने धरून वाचायची. 'प्रॉम्प्टर' वर ती बराच वेळ अडली. शालिकरामचे ओठ थरथरले, मिशा हलल्या, पण त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तिला वाचू दिलं. तिने 'भोयर'पर्यंत नेलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "एवढे दिवस झुरळ झुरळ म्हणत होते, पाहा जी, आता तं तुम्ही..."

शालिकराम थांबले. यावेळी तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शामला थांबलेलीच. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"काहून गप्प बसले जी?" ती म्हणाली. "द्या ना पुढचं."